बिझनेस नेटवर्किंगच्या मिटिंगांतून खरंच ओळखी होतात का?

टी_ब्लॉक (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनिंगची यंत्रं), एक म्हातारा लेथ, सहा-सात माणसं. जिग्ज-फिक्श्चर (काम चालू असताना पीस पक्का धरून ठेवणारी साधनं) आणि लहान लॉटचं मशीनिंग करतो. निम्म्याहून जास्त काम एकाच पार्टीकडून येतं. २०१९ ला गाड्यांचा बाजार बसला तेव्हा मशीनवर कापड टाकून बसायची वेळ आली होती. तेव्हापासून डोक्यात आहे की आपल्याला अजून चार दारं पाहिजेत.

म्हणून वर्षभर नेटवर्किंगच्या मिटिंगांना जातोय. हॉटेलातला हॉल, पहाटे उठून सातला हजर, प्रत्येकाला उभं राहून बोलायला मिनिटभर, मग कार्डांची देवाणघेवाण आणि उपमा. कार्डांनी ड्रॉवर भरलाय. पण त्यातल्या कोणाला रात्री अकराला फोन करून 'माझ्या स्पिंडलचं बेअरिंग गेलंय, उद्याचे पीस तुझ्या मशीनवर काढून देशील का' असं विचारू शकतो का? एकालाही नाही. शेजारच्या गाळेवाल्याला विचारू शकतो, आणि त्याची-माझी ओळख पाण्याच्या टँकरवरून भांडताना झालेली आहे.

तर प्रश्न असा: अशा मिटिंगांतून कार्डाच्या पुढे जाणारी ओळख तुमच्यापैकी कोणाची झाली आहे का? कशी? पुढच्या महिन्यात मेंबरशिपचं नूतनीकरण आहे, म्हणून जरा घाईने विचारतोय.

विमा_मित्र (सोमवार, रात्री १०:४६)

खूप छान विषय सर. आमच्याकडे फॅक्टरी विमा, कीमॅन विमा, ग्रुप मेडिक्लेम सर्व सेवा एकाच ठिकाणी. माहितीसाठी व्यक्तिगत निरोप करा.

निवांत_पेठकर (सोमवार, रात्री १०:५१)

धागाकर्ते, वर्षभराचा अनुभव इथे सहा मिनिटांत मिळाला. उपमा तेवढा राहिला.

वाफाळता_चहा (सोमवार, रात्री १०:५५)

हसून हसून पुरेवाट. बाकी चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

उद्योगिनी (सोमवार, रात्री ११:३०)

मी दुसरी बाजू मांडते. ऑफिस इंटिरिअरची कामं घेते, बीएनआयच्या एका चॅप्टरमध्ये (स्थानिक गटात) आहे आणि माझं निम्मं काम तिथून येतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९८५ मध्ये आयव्हन मिस्नर यांनी अमेरिकेत सुरू केलेली ही संस्था. एका चॅप्टरमध्ये एका व्यवसायाचा एकच माणूस, दर आठवड्याला मिटिंग, आणि एकमेकांना कामं सुचवायची.

टी_ब्लॉक, राग मानू नका, पण तुम्ही जे वर्णन केलंत ती फक्त हजेरी झाली. त्या हॉलमध्ये दीड तासात कोणाचीच ओळख होत नसते. खरं काम आठवड्याच्या मधल्या दिवसांत असतं. दोघांनीच बसून बोलायचं, ज्याला तिथे 'वन-टू-वन' म्हणतात. ती भेट मी कॅफेत ठेवतच नाही, समोरच्याच्या कामाच्या जागी ठेवते. आमच्यात एक फॅब्रिकेटर आहे. मिटिंगमध्ये उभा राहिला की घाम फुटतो, मिनिट संपायच्या आत खाली बसतो. त्याच्या शेडवर गेले तर वेल्डिंग ग्राइंड करून असं साफ केलेलं की सांधा शोधावा लागतो. आणि पोरं सेफ्टी शूज घालून. त्या दिवसापासून माझ्या सगळ्या जिन्यांचं काम त्याच्याकडे जातं. हॉलमध्ये सगळ्यात छान बोलणाऱ्याला मात्र मी अजून एकही काम दिलेलं नाही.

दुसरं, तुम्ही त्या मिनिटात नेमकं काय मागता? 'सर्व प्रकारचं मशीनिंग करतो, काम असेल तर सांगा' असं म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोणीच येत नाही. 'चाकणला असेंब्ली लाइन वाढवणाऱ्या कंपनीतला टूल रूमचा माणूस कोणाच्या ओळखीचा आहे का' असं विचारा. कोणाचा मेहुणा तरी निघतोच.

वऱ्हाडी_ठेचा (मंगळवार, सकाळी ८:०५)

ताई, तुमचा चॅप्टर चांगला निघाला म्हणून बोलता. आमच्या नागपुरात मी एका क्लबात होतो, नाव घेत नाही. दर हप्त्याला रेफरन्स द्याच लागे, नाही देल्ला तर सगळ्यांसमोर नाव वाचत. मग काय, लोकं घरचेच नंबर द्यायला लागले. माझं सोलरचं काम. तीन वेगवेगळ्या मेंबरांनी मले एकाच माणसाचा नंबर देल्ला. फोन केला तर तो बिचारा म्हणे, भाऊ, मी भाड्याच्या घरात राहतो, मले सोलर नाही पाहिजे, तुम्ही आता फोन करू नका.

आकडा पूर्ण करायचा म्हणून देल्लेल्या रेफरन्सचं असंच होते. ज्यानं देल्ला त्यालेही माहीत राहते, ज्याले भेटला त्यालेही.

उद्योगिनी (मंगळवार, सकाळी ९:२०)

वऱ्हाडी_ठेचा, हे होतं, नाकारत नाही. आमच्याकडेही एक-दोघं आहेत. म्हणूनच सामील होण्याआधी पाहुणे म्हणून जाऊन बघावं आणि जुन्या मेंबरांना एकच विचारावं: मागच्या वर्षी इथून आलेल्या कामाचे पैसे हातात आले का? रेफरन्स किती आले ते विचारू नका.

रंकाळ्याचा_वारा (मंगळवार, सकाळी ११:१०)

टी_ब्लॉक भावा, आमची कोल्हापूरजवळ शिरोलीत फौंड्री. इथं असलं मिनिटभर उभं राहून बोलायचं काय नसतंय. गरजच पडत नाही. पॅटर्न एक जण करतोय, ओतकाम आमच्याकडं, फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं) तिसऱ्याकडं, मशीनिंग चौथ्याकडं. एक कास्टिंग गिऱ्हाइकाला जाईस्तोवर चार मालकांच्या शिव्या खाऊन जातंय. ओळख आपोआप हुतीया.

तुझंबी तसंच असणार की. पीस हीट ट्रीटमेंटला जातंय, प्लेटिंगला जातंय. तुझा टेम्पो जातो तिथं तू सवता कवा जाऊन बसलायस का? प्लेटिंगवाल्याच्या टेबलावर कुणाकुणाच्या मालाची चलनं पडल्यात बघ. कुणाचं काम वाढलंय, कुणाचं थंडावलंय, कुणाचा माल रिजेक्ट हून परत आलाय, सगळं त्याला ठावं असतंय. त्यो मानूस कुठल्या क्लबात नसतोय, आणि त्याच्याकडं कार्डबी नसतंय.

टी_ब्लॉक (मंगळवार, दुपारी १:३५)

हे भारी आहे. आमच्या प्लेटिंगवाल्याशी माझं बोलणं म्हणजे 'माल कधी मिळेल' आणि 'रेट परत वाढवला का', एवढंच.

उद्योगिनी ताई, टूल रूमच्या माणसाचा मुद्दा पटला. या शुक्रवारी तसंच विचारून बघतो.

आकडेमोड (मंगळवार, दुपारी ३:००)

जरा पुस्तकी प्रतिसाद, गोड मानून घ्या.

२००७ मध्ये कोलंबिया बिझनेस स्कूलच्या पॉल इनग्रॅम आणि मायकेल मॉरिस यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नोकरी-धंद्यातल्या लोकांची अशीच एक पार्टी ठेवली आणि प्रत्येकाच्या छातीवर कोण कोणाशी बोलतंय ते टिपणारा इलेक्ट्रॉनिक बिल्ला लावला. बहुतेकांनी आधी लिहून दिलं होतं की आम्हाला नवीन लोकांना भेटायचंय. प्रत्यक्षात ते जुन्याच ओळखीच्यांकडे ओढले गेले. म्हणजे टी_ब्लॉक, ही अडचण फक्त भोसरीची नाही.

पण दुसरा मुद्दा तुमच्या विरोधात जातो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. निबंध १९७३ चा. ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती बातमी जिवलग मित्राने दिलेली नव्हती. अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या कोणीतरी दिली होती. कारण साधं आहे, जवळच्या माणसाला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजताय. रात्री अकराला पीस काढून देणारा शेजारी वेगळा. तो तुम्हाला नवीन पार्टी मिळवून देणार नाही, कारण तोही त्याच पार्टीच्या मागे असणार. ड्रॉवरमधल्या कार्डवाल्यांकडून मैत्रीची अपेक्षाच चुकीची आहे, त्यांच्याकडून बातमी मिळाली तरी पुष्कळ.

निवांत_पेठकर (मंगळवार, दुपारी ३:२२)

थोडक्यात, कोलंबियातही लोक लग्नाला जाऊन आपल्याच चुलतभावाशेजारी पंगतीला बसतात. बरं वाटलं.

वाफाळता_चहा (मंगळवार, दुपारी ३:३०)

बिल्ला लावून पुण्यात केला असता तर सगळे पार्किंगमध्ये सापडले असते. आपल्याकडे खरी मिटिंग तिथेच होते, 'बरं ऐक, त्या अमक्याला माल देऊ नकोस' वगैरे.

सीए_काका (मंगळवार, सायंकाळी ७:१५)

वाफाळता_चहा यांनी गमतीत लिहिलंय, पण माझ्या मते या धाग्यातला तोच सगळ्यात कामाचा मुद्दा आहे. तीस-पस्तीस वर्षं लघुउद्योजकांच्या वह्या बघतोय. नवीन गिऱ्हाईक न मिळाल्याने बंद पडलेले कारखाने थोडे, मिळालेल्या गिऱ्हाइकाने पैसे न दिल्याने बंद पडलेले जास्त. पार्टी पैसे कशी देते ही माहिती वेबसाइटवर नसते. ती फक्त माणसाकडे असते, आणि जो माणूस ती तुम्हाला तोंडी सांगतो तो तुमचा खरा संबंध. ओळख किती खोल आहे याची माझी चाचणी हीच.

टी_ब्लॉक, तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आहे ना? नसेल तर उद्याच करा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर करारातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. करार नसेल तर १५ दिवसांत. हे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात आहे. मुदत उलटली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. त्यावर २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी(एच) हे कलम आणलं, कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून. मुदतीत पैसे दिले नाहीत तर माल घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो.

वऱ्हाडी_ठेचा (मंगळवार, रात्री ८:०२)

काका, कायदा बरोबर आहे. पण व्याज मागितलं का पुढची ऑर्डर बंद.

सीए_काका (मंगळवार, रात्री ८:३०)

म्हणूनच कायद्याआधी पार्किंग.

वाफाळता_चहा (मंगळवार, रात्री ८:४४)

काकांना दंडवत. पण एक शंका. आमचं दुकान आहे, घाऊक मालाचं. आम्हाला लागू का हे ४५ दिवस?

सीए_काका (मंगळवार, रात्री ९:०५)

नाही. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण फायदा प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. उशिरा पैसे मिळण्याबाबतचं संरक्षण नाही.

सातारी_कंदी (बुधवार, सकाळी ७:५०)

सगळं वाचलं. अजून कोणी सॅटर्डे क्लबचं नाव कसं घेतलं नाही? रेल्वेत इंजिनिअर म्हणून नोकरी केलेल्या माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सुरू केलेली चळवळ. 'एकमेका साह्य करू, अवघे होऊ श्रीमंत' हे त्यांचं ब्रीद. मी आमच्या भागातल्या मिटिंगांना जातो. मराठीत बोलता येतं हा फायदा लहान समजू नका. इंग्रजीत मिनिटभर बोलायचं म्हटलं की आमच्या डेअरी इक्विपमेंटवाल्याची दातखीळ बसते, मराठीत तोच माणूस चिलिंग प्लांटवर तासभर बोलतो.

गुजराती, मारवाडी, सिंधी समाजात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. पोरगं धंद्यात पडलं की काका-मामा पहिला माल उधारीवर देतात. आपल्याकडे मराठी माणूस...

निवांत_पेठकर (बुधवार, सकाळी ८:०३)

आला! 'मराठी माणूस' आला! मी कालपासून वाट बघत होतो.

त्या ब्रीदावरून आठवलं, मूळ ओळ तुकोबांची, फक्त तिथे श्रीमंत व्हायचा विचार नव्हता. स्वतः वाण्याचा धंदा करणारा माणूस, आणि वसुलीची खतं इंद्रायणीत बुडवली म्हणतात. देहू भोसरीपासून काही लांब नाही. सीए काका, तुकोबांना ते ४३बी(एच) लागू होतं का?

सीए_काका (बुधवार, सकाळी ८:४०)

नाही. व्यापारी.

वाफाळता_चहा (बुधवार, सकाळी ८:४१)

मेलो 😂

सातारी_कंदी (बुधवार, सकाळी १०:१५)

पेठकर, चेष्टा करा, पण मला अर्धं वाक्यही पूर्ण करू दिलं नाहीत. मी रडगाणं गाणार नव्हतो. उलट म्हणणार होतो की मराठी माणसाला हे जमत नाही हे खोटं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच बघा. बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान दिलं, १९१० मध्ये. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजाने काही कार्ड बघून जमीन दिली नव्हती. लक्ष्मणराव औंधात बांधकामाचं काम करत होते, हात कसा चालतो ते समोर दिसत होतं.

निवांत_पेठकर (बुधवार, सकाळी १०:३०)

हे मान्य. वाक्य तोडल्याबद्दल चहा माझ्याकडून.

मीठ_मसाला (बुधवार, दुपारी २:१०)

इथे बहुतेक पुरुष मंडळी लिहितायत म्हणून हे लिहिते. ठाण्यात घरगुती मसाले आणि भाजण्या करते. सकाळी सातची मिटिंग म्हणजे मुलांचा डबा आणि स्कूलबस कोणाच्या तरी गळ्यात घालून जायचं. संध्याकाळची असली तर रात्री दहापर्यंत ड्रिंक्स आणि ओळखी. दोन्हीकडे माझ्यासारखीची पंचाईत. आणि एकदा नंबर दिला की रोज पहाटे गुलाबाच्या फुलासह सुप्रभात, त्यात काही जणांचं सुप्रभात हळूहळू फार व्यक्तिगत होतं. आता मी कार्डावर फक्त धंद्याचा नंबर देते आणि तो फोन रात्री आठला बंद.

माझ्या खऱ्या ओळखी झाल्या त्या प्रदर्शनांत. दादरला, ठाण्याला दोन-तीन दिवसांची भरतात ती. शेजारच्या स्टॉलवरच्या बाईला ओळख करून द्यायला मिनिट मिळत नाही, तिला तीन दिवस मिळतात. सुट्टे पैसे तिच्याकडून घ्यायचे, बाथरूमला जाताना स्टॉल तिच्यावर सोपवायचा, रात्री उरलेला माल एकाच टेम्पोत घालायचा. माझा स्टॉल तिने कसा सांभाळला, दर बरोबर सांगितले का, माझं गिऱ्हाईक आपल्याकडे ओढलं का, सगळं कळतं. अशाच एका पापडवालीबरोबर मी आता दिवाळीचे बॉक्स एकत्र करते. दोघींचे ग्राहक एक झाले, भांडण अजून नाही.

उद्योगिनी (बुधवार, दुपारी २:४५)

मीठ_मसाला, वेळेचा मुद्दा शंभर टक्के. आमच्याकडे मुलं लहान असलेल्या बायका पहिल्या वर्षातच गळतात, आणि मग म्हणतात बायका टिकत नाहीत.

आकडेमोड (बुधवार, दुपारी ३:२०)

मीठ_मसाला यांच्या प्रतिसादाने माझा कालचा मुद्दा थोडा ढासळला, हे मान्य करतो. पापडवाली आधी अनोळखी, म्हणजे नवीन ग्राहक आणणारी, आणि तीन दिवसांत भरवशाचीही झाली. मी या दोन वेगळ्या पेट्या करून ठेवल्या होत्या.

रंकाळ्याचा_वारा (बुधवार, सायंकाळी ५:४०)

पेट्या मसाल्याच्या असत्यात, मानसांच्या नसत्यात 😀

टी_ब्लॉक (बुधवार, रात्री १०:२०)

मंडळी, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सीए काका, उद्यम नोंदणी आहे, पण बिलावर नंबर छापलेला नव्हता. आजपासून छापतोय.

एक विचार चाललाय. मराठा चेंबरमध्ये (पुण्यातली उद्योजकांची संस्था) किंवा आमच्या इथल्या लघुउद्योग संघटनेत नुसता मेंबर न होता एखाद्या समितीत काम करायचं. मोशीला प्रदर्शनं भरतात तेव्हा स्टॉल लावणं, वीज, पाणी, पार्किंग याला माणसं लागतातच. मीठ_मसाला ताईंचं वाचून वाटलं की बरोबर काम केल्याशिवाय माणूस कळणार नाही. यात कोणाचा अनुभव?

सातारी_कंदी (बुधवार, रात्री १०:५०)

चांगला विचार. मराठा चेंबर १९३४ पासूनचं आहे, तिथे वेगवेगळ्या विषयांच्या समित्या असतात. समितीत बसलं की समोरच्याकडे काही विकायचं नसतं, दोघं मिळून वीज दराच्या नाहीतर खड्ड्यांच्या विरोधात असता. पण आधीच सांगतो, वेळ जातो. दुपारच्या बैठका असतात आणि मागे वर्कशॉप बघणारं कोणी हवं.

वऱ्हाडी_ठेचा (बुधवार, रात्री ११:१५)

आणि निवडणुकीच्या पॅनलमध्ये पडू नका. मी पडलो होतो. होत्या त्या ओळखी अर्ध्या झाल्या.

रंकाळ्याचा_वारा (गुरुवार, सकाळी ९:००)

टी_ब्लॉक, भोसरीला आज सुट्टी न्हवं? गुरुवारी तुमचं बंद, आमचं चालू. एखाद्या गुरुवारी शिरोलीला ये. मशीनिंगला बाहेर माल देणाऱ्या दोघा-तिघांच्या शेडवर घिऊन जातो. रेट-बिट काय बोलायचं नाही पहिल्यांदा, नुसतं बघायचं. आणि येताना तुझा एक फिक्श्चर गाडीत टाक. ब्रोशर नको.

टी_ब्लॉक (गुरुवार, सकाळी ९:४०)

येतो. पुढच्याच गुरुवारी. कोणता फिक्श्चर आणू, वेल्डिंगचा की मशीनिंगचा?

रंकाळ्याचा_वारा (गुरुवार, सकाळी ९:४८)

मशीनिंगचा. हायड्रॉलिक क्लॅम्पिंगवाला असला तर त्योच.

उद्योगिनी (गुरुवार, सकाळी १०:३०)

टी_ब्लॉक, कोल्हापूरला जरूर जा. पण नूतनीकरणाचा निर्णय रागात घेऊ नका. तुमच्या चॅप्टरमध्ये मशीनिंगची जागा एकच असेल. ती सोडलीत आणि दुसऱ्याने घेतली की परत मिळायची नाही. आधी वर्षभरातल्या ड्रॉवरमधून पाच जण निवडा आणि त्यांच्या शेडवर जाऊन या. पाचही फुकट गेले तर सोडा.

निवांत_पेठकर (गुरुवार, सकाळी १०:५०)

मी सोडलं असतं. पहाटे उठून उपमा खाणं मला कुठल्याच धंद्यासाठी जमणार नाही.

सीए_काका (गुरुवार, सकाळी ११:३०)

सोडा किंवा ठेवा, फीचं बिल फर्मच्या नावाने घ्या. मागच्या वर्षीचं तुमच्या स्वतःच्या नावाने असेल तर आत्ताच सांगा, मार्चमध्ये नको.